उंबऱ्यावरचं टेबल

आमच्या घरात टेबल आलं ते आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हौसेपायी. नंदुरबार स्टेशनवरच्या कुणा साहेबाची बदली झाली आणि त्याचं सामान निघालं. आबा बाजारात मिरची घालून रिकामी गाडी घेऊन परतत होते. ते हे सागवानी धूड गाडीत चढवूनच आमच्या गावी, कोरीटला, आले. ओसरीवर टेबल मांडायचं, त्यावर हात टेकून आल्यागेल्याशी बोलायचं, असा त्यांचा बेत. पण खुर्ची काही बरोबर आली नव्हती. आबा आपल्या नेहमीच्या गादीवर मांडी घालून बसले की टेबलाची कड त्यांच्या डोक्यावर जाई आणि समोरच्या माणसाला नुसता फेटा दिसे. गावाने चार दिवस गंमत पाहिली. एक म्हातारा तर वाकून टेबलाखालून म्हणाला, "पाटील, शेतस का आठे?" म्हणजे, आहात का इथे. त्या संध्याकाळी आबांनी टेबल उचलायला लावलं आणि ते मागल्या पडवीत जाऊन पडलं.

त्याच सुमारास माझ्या मायचा पाय विहिरीच्या पायरीवरून सरकला. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा जो धरला तो धरलाच. तिला खाली बसता येईना, बसली तर उठता येईना. चूल जमिनीवर, काठवट जमिनीवर, विळी जमिनीवर. आमचं सगळं स्वयंपाकघर बसलेल्या बाईसाठी मांडलेलं. मायने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण भाकरी थापायची सुटली तेव्हा ती घरातल्या घरात पाहुण्यासारखी वागू लागली. ही गोष्ट पहिल्यांदा वहिनीच्या लक्षात आली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ नंदुरबारला कापसाच्या जिनात कामाला होता आणि आठवड्यातून एकदा घरी येई, त्यामुळे वहिनीचं खरं घर म्हणजे माय, मी आणि ते स्वयंपाकघर. तिने पडवीतलं टेबल पाहिलं, मायची उंची पाहिली आणि मला म्हणाली, "भाऊ, आबास्ले विचारा, ते टेबल मी लिऊ का म्हना."

हे 'आबास्ले विचारा' नीट समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. आबा चार हातांवर बसलेले असत, वहिनी दाराआड पदर ओढून उभी असे, आणि ती मला म्हणे, "आबास्ले सांगा, जेवन तयार शे." आबांनी ते ऐकलेलं असे. तरी मी ते पुन्हा मोठ्याने म्हणायचो, आणि आबा मला उत्तर द्यायचे, "तिले सांग, उनूच," म्हणजे आलोच. मग तेही मी पोचवायचो. लहानपणापासून हे काम माझ्याकडे. मला त्याचा अभिमान होता. त्या घरात वहिनीचा आवाज आबांपर्यंत जायचा तर तो माझ्या तोंडातूनच जायचा.

तर आबांनी होकार दिला आणि टेबल स्वयंपाकघराच्या मागल्या दारात आलं. आत अंधार, पडवीत उजेड, म्हणून वहिनीने ते उंबऱ्यावर आडवं घातलं. दोन पाय स्वयंपाकघरात आणि दोन पाय पडवीत. दार रुंद होतं, तरी टेबलाने ते जवळजवळ भरून गेलं. जाणं-येणं बाजूच्या बोळातून सुरू झालं. आतल्या टोकाला तिने फरशीचा तुकडा ठेवला, त्यावर लोखंडी शेगडी. शेजारी काठवट. माय उंच पाटावर टेकून उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी तिने कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापली. त्या सागवानावर भाकरी थापल्याचा आवाज काय सांगू! जमिनीवर तो आवाज मातीत जिरायचा. इथे तो ढोलकीसारखा ओसरीपर्यंत जायचा. आबा म्हणायचे, "तुन्ही मायना गुडघा बरा व्हयना वाटस."

आणि मग त्या टेबलाभोवती माणसं जमू लागली, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. शेजारची भिकाकाकू डाळ निवडायची तर सूप घेऊन आमच्या पडवीत यायची. कुणी गोधडीचे तुकडे पसरायचं. मी शनिवारी शाळेतून आलो की टेबलाच्या कोपऱ्यावर पाटी-पुस्तक मांडायचो, आणि वहिनी भाजीला फोडणी देता देता माझ्या भूगोलातले देश उलटे वाचायची, कारण ती समोरच्या बाजूला उभी असायची. शेगडीवर वांगं भाजतंय, बाजूला लसूण सोलणं चाललंय, कुणाच्या तरी सुनेची चेष्टा होतेय. ओसरीवर आबांकडे येणारे पुरुषसुद्धा कसलं हसू चाललंय म्हणून बोळाच्या तोंडाशी डोकावून जायचे. भिकाकाकू त्यांना हटकायची, "काय देखतस? आठे तुमना न्याय-निवाडा नही शे, आठे मेथी शे."

माझ्या नातवाने हल्ली नाशिकला घर घेतलं आहे. त्याच्या स्वयंपाकघराच्या मधोमध असंच टेबल आहे. त्यावर भाजी चिरली जाते, त्यावरच नातसून आपलं ऑफिसचं काम करते, आणि पाहुणे आले की त्याच्याचभोवती उंच स्टुलांवर बसतात. गेल्या वेळी मी गेलो होतो तेव्हा नातवाने मित्रांना सांगितलं, "हे काही नवीन नाही. आमच्या आजोबांच्या घरी तेव्हाच असं टेबल होतं. आणि त्या टेबलावर शिवाशिवीची रेघ होती, ती आजोबांनी पोरवयात पुसून टाकली." सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी हातातला कप खाली ठेवला आणि हसलो. ही गोष्ट नातवाने बनवलेली नाही. मीच ती सांगत आलो. मुख्याध्यापक झाल्यावर दर वर्षी मुलांपुढे सांगितली, निरोपसमारंभात सांगितली. जेवढी सांगितली तेवढी खरी आहे. म्हणूनच ती खोट्यापेक्षा वाईट आहे.

रेघ होती, हे खरं. टेबलाच्या पडवीकडच्या टोकाला जमनी काम करायची. जात्र्या आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आणि जमनी त्याची बायको; सातपुड्यातले भिल्ल. आमच्या खळ्याला लागून त्यांची झोपडी होती, दोन लहान पोरं होती. जमनी लाल मिरच्यांची देठं खुडायची, धान्य पाखडायची, लाकूड आणून द्यायची. पूर्वी ती अंगणात बसून हे करायची. टेबल आल्यावर वहिनीनेच तिला म्हटलं, "उनम्हा कसाले बठस, आठे ये." स्वयंपाकघरात तिला येता येत नव्हतं, पण पडवीत येता येत होतं, आणि टेबल दोन्हीकडे होतं. मायला हे अवघड वाटलं. ती काही फार कडक बाई नव्हती, पण चुलीपाशी तिचे नियम होते. तिने विचार केला आणि वहिनीकडून गेरूने एक रेघ काढून घेतली, टेबलाच्या मधून, बोटाने, जराशी वाकडीच. नियम असा की कोरडी वस्तू रेघेवरून इकडून तिकडे जाऊ शकते. दाणे, डाळ, मिरची, कोरडं पीठसुद्धा. पाणी लागलं की ते रेघेच्या आत. जमनीने पाखडलेली ज्वारी आत यायची, तिची भाकरी व्हायची, आणि ती भाकरी परत जमनीला द्यायची तर वहिनी वरून तिच्या पदरात टाकायची.

जमनीला ह्याचं काही वाटत असेल तर तिने ते दाखवलं नाही. ती मोठी बोलकी बाई होती. आमची अहिराणी ती तिच्या डोंगरी सुरात बोलायची, आणि तिला आमच्या घरातल्या सगळ्यांच्या नकला येत. आबांचं खाकरणं ती असं करी की आत वहिनी दचकून पदर ओढून घेई, मग दोघी टेबलाच्या दोन टोकांना हसून वाकून जात.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस होतो. आणि त्याच दिवशी सालदाराचं साल संपतं. मालकाने पुन्हा ठेवलं तर ठेवलं, नाही तर त्याने बिऱ्हाड उचलायचं. जात्र्याला आबा पुन्हा ठेवणार हे ठरल्यासारखंच होतं. त्याआधी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, घाई होती. ज्वारीचं आंबवलेलं पीठ, त्यात लसूण, तीळ, तिखट घालून घट्ट शिजवायचं, हा घाटा, आणि तो ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापून उन्हात खाटेवर वाळवायचा. थोड्या बिबड्या माझ्या बहिणीच्या सासरी जायच्या होत्या.

त्या दिवशी टेबलावर वाफाळता घाटा होता, आतल्या बाजूला वहिनी आणि भिकाकाकू थापत होत्या, बाहेरच्या बाजूला जमनी लसूण सोलून कोरड्या टोपलीत टाकत होती. माय गुडघ्याला शेक देऊन आतल्या खोलीत पडली होती. बोलणं बिबड्यांवरच चाललं होतं.

वहिनी म्हणाली, "काकू, माले एक सांगा. घाटा ओला शे, जमनीना हात लागना तर बाटस. आन् वाळी गया का तीच खाटवरथून उचली आनस, तवय नही बाटस. मंग मझार काय व्हयनं?"

"ऊन लागनं," भिकाकाकू म्हणाली.

"मंग सूर्यनारायणच आमना भटजी म्हना की!"

जमनी हसत, आत चुलीकडे बोट दाखवत म्हणाली, "माले बी घडीभर उनम्हा वाळू द्या, मंग मी बी मझार येस."

त्यावर भिकाकाकूसुद्धा हसली. मी कोपऱ्यावर बसलो होतो. पंधरा-सोळा वर्षांचा असेन. त्याच आठवड्यात आमच्या शाळेत खादीची टोपी घातलेले एक गृहस्थ भाषण देऊन गेले होते, माणूस माणसाला शिवल्याने बाटत नाही असं, फार सुंदर बोलले होते. माझ्या अंगात ते भाषण फिरत होतं. बायकांचं हसणं ऐकून मला वाटलं, ही वेळ आहे. मी उठलो, बिबड्यांचं एक ओलं फडकं घेतलं आणि टेबलावरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खसाखसा पुसून काढली. भाषणातलं एक वाक्यही म्हणालो. मग ते फडकं जमनीकडे टाकलं. "धर. तू बी थाप."

जमनीने फडकं झेललं, पण ती माझ्याकडे नाही, वहिनीकडे पाहत राहिली. "दादा, नको," ती म्हणाली. "माय रागे भरी."

"मी शे ना," मी म्हणालो.

हे तीन शब्द मी म्हणालो होतो. ते मला भाषणात कधी सांगावेसे वाटले नाहीत.

वहिनीने किंचित मान हलवली. मला वाटतं तिलाही ते हवंच होतं. जमनीने हात धुतले, घाट्याचा गोळा घेतला आणि थापला. तिची बिबडी वहिनीच्या बिबडीपेक्षा काही वेगळी दिसत नव्हती. भिकाकाकू मात्र हात झटकून उभी राहिली. "वो माय! आते ह्या बिबड्या पोरीना सासरले जातीन?" आणि ती बोळातून थेट ओसरीवर गेली. मी तेव्हाही घाबरलो नव्हतो. आबा येतील, मी त्यांना ते वाक्य ऐकवीन, असं मनात जुळवत होतो.

आबा आले ते ओरडत आले नाहीत. ते आले आणि पडवीत, जमनीपासून अंतर ठेवून उभे राहिले. त्यांच्यामागे भिकाकाकू, तिच्यामागे बोळात आणखी दोन-तीन माणसं. आवाज ऐकून जात्र्याही खळ्यावरून आला आणि खांद्यावरचं फडकं हातात घेऊन उभा राहिला. आबांनी टेबलाकडे पाहिलं. रेघ गेली होती आणि जमनीच्या हातातलं ते फडकं गेरूने लाल झालं होतं.

"रेघ कोनी पुसी?" आबांनी विचारलं.

  जमनीने खाली पाहिलं. नोकर मालकाच्या पोराचं नाव घेत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. वहिनी पदर ओढून दाराआड झाली होती.  आबांच्या मागची ती दोन-तीन माणसं मला दिसत होती. उद्या गाव काय म्हणेल हे त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच लिहिलेलं होतं, आणि ते जे म्हणेल ते आबांना ऐकावं लागणार होतं.

तेव्हा दाराआडून वहिनी बोलली. नेहमीसारखी, मला. "भाऊ, आबास्ले सांगा, काय व्हयनं ते."

तिचा आवाज मोठा होता. आबांनी तो ऐकला. पण रीत अशी की मी बोलल्याशिवाय तो ऐकल्यासारखा नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हनस ती? तू व्हतास ना आठे?"

मी म्हणालो, "मी ओसरीकडे गयेल व्हतू. मी उनू तवय रेघ पुसेलच व्हती."

खरं बोललो असतो तर काय झालं असतं, हा हिशेब मी पुढे आयुष्यभर केला. आबांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या. कदाचित एक थप्पड. टेबल धुतलं असतं, तो घाटा गुरांना गेला असता, गावाने पोरगं शाळेत जाऊन बिघडलं असं म्हटलं असतं आणि आखाजीच्या झोक्यांवर सगळे विसरले असते. पाटलाच्या पोराचं एवढंच झालं असतं. हे मला त्या वेळीही कळत होतं. भीती मोठी होती म्हणून मी खोटं बोललो असं म्हणायलाही मला जागा नाही.

दाराआडून वहिनी पुन्हा म्हणाली, "भाऊ!" एवढंच. मी तिचा निरोप पोचवला नाही. त्या दारात तिच्यासाठी दुसरं तोंड नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

आबांनी जात्र्याकडे पाहिलं. "जात्र्या, यंदा तू दुसरं घर देख."

जात्र्या एकदा जमनीकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. तिने नुसती मान हलवली. मग तो आबांना म्हणाला, "हाव, बाबा." दुसरं घर गावात मिळणार नव्हतं, रेघ पुसणारीचा नवरा कोण ठेवणार. हे आबांनाही माहीत होतं, जात्र्यालाही, आणि मलाही.

रात्री वहिनीने मायला सगळं सांगितलं असावं. माय मला काही बोलली नाही. वहिनीही नाही. ती माझ्याशी पुढे चांगलंच वागली, माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त राबली, पण आबांना निरोप द्यायचा तर त्या दिवसानंतर ती मायला सांगू लागली. म्हातारी गुडघा धरत धरत ओसरीपर्यंत जायची आणि ते शब्द आबांना सांगून यायची. मी समोर बसलेला असलो तरी.

नोकरीच्या निमित्ताने मी पुढे काही वर्षं धडगावला होतो. त्यांचं गाव त्या बाजूलाच कुठेतरी, एवढंच मला माहीत होतं. बाजाराच्या दिवशी डोंगरातून बाया उतरायच्या, मी त्यांच्या तोंडाकडे पाहत हिंडायचो. जात्र्या-जमनी कुठे राहतात, असं मी कुणालाही विचारलं असतं तर कुणी ना कुणी सांगितलं असतं. मी विचारलं नाही. सापडली असती तर काय म्हणणार होतो? आणि शाळेत त्याच दिवसांत मी मुलांना रेघ पुसल्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती मुलं भिल्लांची, पावऱ्यांची. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता जे राहिलं ते सांगतो. नातवाने हे वाचावं, आणि त्याच्या मित्रांना पुन्हा कधी सांगायची वेळ आली तर पूर्ण सांगावं.

आखाजीच्या आदल्या सकाळी टेबल घासून, धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा उंबऱ्यावर आलं होतं. मायने एका वाटीत गेरू कालवला आणि ती वाटी माझ्यापुढे ठेवली. "तूच काढ," ती म्हणाली. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. तिला सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी बोटाने नाही काढली रेघ. मी माझ्या दप्तरातली लाकडी पट्टी आणली, काडीला कापूस गुंडाळला आणि पट्टीला धरून, श्वास रोखून, एका टोकापासून रेघ ओढायला लागलो. चित्रकलेत मला नेहमी चांगले गुण मिळत.

अर्ध्यावर आलो तेव्हा पडवीत सावली पडली. जमनी होती. तिचं बिऱ्हाड बाहेर बांधून झालं होतं, एक पोर कडेवर, दुसरं लुगड्याला धरून. तिचं सूप टेबलाखाली राहिलं होतं, ते न्यायला आली होती. तिने सूप उचललं, त्यावरची धूळ झटकली आणि माझ्या हाताकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं ती आता बोलेल. मी वाट पाहत होतो की तिने काहीतरी बोलावं, शिवी द्यावी, म्हणजे मला रडता येईल.

ती म्हणाली, "दादा, रेघ जराखी तुमनी बाजूले ल्या. आठे नवी बाई येई, तिले सूप ठेवाले जागा पुरत नही."

मी वर पाहिलं नाही. पट्टी हलली तर रेघ वाकडी आली असती. मी होती तिथेच ती शेवटपर्यंत ओढत नेली.